खराडीची इमारत, फसाडच्या चार निविदा आणि २ कोटी ८० लाखांची तफावत: सल्लागार आत्ता नेमून उपयोग आहे का?

साइट_खराडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मालकाच्या बाजूने प्रकल्प बघतो. पुण्यात खराडीला ऑफिसची इमारत आहे: दोन बेसमेंट, तळमजला अधिक १२, उंची साधारण ५० मीटर. एका मजल्याची उंची ३.९ मीटर. फसाडचं (इमारतीच्या बाहेरच्या काच-धातूच्या आवरणाचं) एकूण क्षेत्रफळ सुमारे ६,९०० चौरस मीटर. त्यात ४,६०० युनिटाइज्ड (फॅक्टरीत पूर्ण तयार केलेले पॅनेल; दुसऱ्या मजल्यापासून बाराव्यापर्यंत, १.५ मीटरचं मॉड्यूल), खालच्या दोन मजल्यांना ९०० सेमी-युनिटाइज्ड (फ्रेम साइटवर, काचेचं पॅनेल फॅक्टरीत), १,००० मेटल क्लॅडिंग आणि ४०० लूव्हर्स (हवेसाठी तिरप्या पट्ट्या).

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर आणि चार पानी स्पेसिफिकेशनवर निविदा मागवल्या. चार आल्या. अ: १०.६ कोटी, ब: ११.९, क: १२.४, ड: १३.४. सगळे जीएसटी वगळून. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब झाला आहे, स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (पीटी, म्हणजे आत ताणलेल्या केबल असलेले) आहेत. मुख्य कंत्राटदार म्हणतो, "फसाड माझ्याकडेच द्या, मी माझा माणूस लावतो."

विचारायचं हे:
१) फक्त निविदेच्या टप्प्यापुरता फसाड सल्लागार नेमला तर त्याच्याकडून नेमकं काय काम घ्यावं?
२) या चार आकड्यांची तुलना कशी करायची?
३) अ ला काम देऊन सल्लागार नंतर नेमला तर चालेल का? मालकांचा कल तिकडे आहे.

काचकाम

तिसऱ्याचं उत्तर आधी. नाही चालणार. काम दिल्यानंतर आलेला सल्लागार जे जे सुचवेल त्याचं अ "एक्स्ट्रा आयटम" करून बिल लावेल, आणि ती त्याची चूकही नसेल, कारण चार पानी स्पेसिफिकेशनमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं. तुमच्याकडे आज चार स्पर्धक आहेत. एकदा वर्क ऑर्डर गेली की एकच उरतो.

तुमच्या चार किमती चार वेगवेगळ्या इमारतींच्या आहेत. प्रत्येकाने आपापल्या मनातली इमारत रंगवून तिचा दर भरला आहे. म्हणून आत्ता "कोण स्वस्त" हा प्रश्नच लागू होत नाही. सल्लागाराचं पहिलं काम म्हणजे चौघांना एकाच इमारतीचा दर भरायला लावणं.

त्याच्याकडून हे घ्या, याच क्रमाने. पहिल्या आठवड्यात आर्किटेक्टची ड्रॉइंग वाचून त्याने त्रुटींची यादी आणि एक परिशिष्ट काढावं. परिशिष्टात किमान एवढं हवं: वाऱ्याचा डिझाइन दाब झोननिहाय आकड्यात, डिफ्लेक्शनची मर्यादा, काचेची रचना जाडीसकट आणि हीट-सोकसकट (सदोष टफन्ड काच आधीच भट्टीत फुटावी म्हणून तापवणं), ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि टेंपर (कडकपणाची प्रत), कोटिंगचा प्रकार आणि मायक्रॉन, पाण्याच्या चाचणीचा दाब, फायर-स्टॉपची (स्लॅब आणि फसाडमधली फट आगीविरुद्ध बंद करण्याची) जबाबदारी कोणाची, वॉरंटी किती वर्षांची आणि कोणाच्या लेटरहेडवर. सोबत दहा-बारा ठरावीक जागांचे १:५ किंवा त्याहून मोठ्या प्रमाणातले तपशील: स्टॅक जॉइंट (वरच्या-खालच्या पॅनेलमधला सांधा), स्लॅबची कड, कोपरा, पॅरापेट, युनिटाइज्ड जिथे खालच्या सेमी-युनिटाइज्डला भेटतं ती रेघ. ही शेवटची रेघ कोणीच काढत नाही, आणि पहिल्या पावसात पाणी तिथूनच येतं.

दुसऱ्या आठवड्यात चौघांना वेगवेगळं बोलावून तांत्रिक बैठक. प्रश्न लेखी, उत्तरं लेखी. एकाने विचारलेला प्रश्न ड्रॉइंगमधल्या चुकीबद्दल असेल तर उत्तर चौघांना जावं. त्याने स्वतः सुचवलेली युक्ती असेल तर ती त्याचीच राहावी, बाकीच्यांकडे फिरवू नये. असं एकदा झालं की चांगले फसाडवाले तुमच्या पुढच्या निविदेला येतच नाहीत.

मग चौघांकडून सीलबंद सुधारित दर, फॅक्टरी भेटी, तुलनेचा तक्ता आणि शिफारस. हे सगळं चार ते सहा आठवड्यांत बसतं. कराराचं तांत्रिक परिशिष्टही त्याच्याकडूनच लिहून घ्या. शॉप ड्रॉइंग तपासणी, मॉक-अप (पूर्ण मापाचा नमुना) चाचणीला हजेरी आणि साइट भेटी यांचे दर आत्ताच वेगळ्या ओळीत मागून ठेवा. लागले तर वापरा.

फी ठोक ठरवा. फसाडच्या किमतीच्या टक्केवारीवर ठरवलीत तर महाग यंत्रणा सुचवण्यात त्याचा फायदा, हे साधं गणित आहे. आणि एक लेखी जाहीरनामा घ्या: चारपैकी कोणाशीही, तसंच ॲल्युमिनियम सिस्टीम, काच किंवा सिलिकॉन विकणाऱ्या कोणत्याही कंपनीशी त्याचा आर्थिक संबंध नाही. "डिझाइन सपोर्ट फुकट" देणारे बरेच भेटतात. त्यांची फी प्रोफाइलच्या किलोमध्ये दडलेली असते.

रनिंगमीटर

वरच्या सगळ्याशी सहमत. तुलनेच्या तक्त्याबद्दल लिहितो, कारण मालकाला शेवटी तोच दाखवायचा आहे.

आधी प्रत्येक निविदेचं शेवटचं पान काढा. "वगळलेल्या बाबी" तिथे बारीक अक्षरात असतात. अ च्या पानावर यातल्या अर्ध्या तरी सापडतील: फायर-स्टॉप आणि स्मोक-सील, परफॉर्मन्स मॉक-अप, काचेचं हीट-सोक, स्पॅन्ड्रलमागचं (स्लॅबजवळच्या अपारदर्शक पट्ट्यामागचं) बॅक-पॅन आणि रॉकवूल, क्रेन किंवा मोनोरेल, गोंडोला, वीज, साइटवरचं गोदाम, देखभालीच्या गोंडोलासाठी मलियनवरचे (पॅनेलच्या उभ्या दांड्यावरचे) रिस्ट्रेंट पिन, स्लॅबमध्ये टाकायचे चॅनेल (ब्रॅकेट अडकवायच्या धातूच्या खाचा), हस्तांतरापूर्वीची सफाई, विमा, बँक गॅरंटीचा खर्च. प्रत्येक बाब तक्त्याची एक ओळ, चार रकाने. ज्याने धरली नाही त्याच्या रकान्यात बाकी तिघांपैकी सर्वांत जास्त दर टाका. सरासरी टाकू नका. वगळणाऱ्याला संशयाचा फायदा कशाला?

प्रमाणं तुम्हीच काढा, त्यांच्यावर सोडू नका. उदाहरणार्थ ४,६०० चौरस मीटर भागिले ११ मजले भागिले ३.९ म्हणजे घेर साधारण १०७ मीटर. म्हणून फायर-स्टॉप १०७ गुणिले ११, सुमारे १,१७७ रनिंग मीटर. ज्याने "लम्पसम" लिहिलं आहे त्याला रनिंग मीटर विचारा. आकडा ७०० आला तर त्याने कुठली तरी बाजू मोजलीच नाही.

तसंच उघडणाऱ्या तावदानांचं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ नुसार काचेच्या फसाडला प्रत्येक मजल्यावर अग्निशमन दलासाठी उघडणारी तावदानं लागतात, बाहेरच्या भिंतीवर मध्यापासून मध्यापर्यंत १० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. १०७ मीटरला मजल्यामागे ११, अकरा मजल्यांना १२१. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर किती आहेत ते मोजा. उघडणारं तावदान म्हणजे वेगळी फ्रेम, फ्रिक्शन स्टे, मल्टिपॉइंट लॉक, दुहेरी गॅस्केट. ते साध्या पॅनेलच्या दरात बसत नाही.

ॲल्युमिनियमचं वजन हा दुसरा मोठा खड्डा. प्रत्येकाकडून दर चौरस मीटरला किती किलो हे प्रकारानुसार लिहून घ्या, सोबत प्रोफाइलचं नाव, जाडी आणि किलो प्रति मीटर. समजा अ चे किलो बाकीच्यांपेक्षा चौरस मीटरमागे २ ने कमी निघाले. ४,६०० गुणिले २ म्हणजे ९,२०० किलो. कोटिंगसकट किलोला ४०० रुपये धरले तरी ३६ लाख ८० हजार. हा फरक त्याच्या हुशार प्रोफाइलमुळे आहे की पातळ प्रोफाइलमुळे, ते सल्लागार सांगेल. दर नव्हे, आधी किलो विचारायचे.

करारात किमतीचा आधार-दर लिहा: कोणत्या तारखेचा, कोणत्या देशी उत्पादकाच्या जाहीर यादीतला. वाढ-घट दोन्हीकडे लागू, आणि फक्त जाहीर केलेल्या किलोंवर. हे नसेल तर धातू चढला की फसाडवाला काम रेंगाळत ठेवतो आणि धातू उतरला की गप्प बसतो.

मोजणीची पद्धतही टेंडरमध्येच ठरवा. बाहेरून दिसणारं विकसित क्षेत्रफळ, एकदाच. पॅरापेटची मागची बाजू, सॉफिट (खालून दिसणारी बाजू), रिटर्न (आत वळलेली कड) आत धरायचे की वेगळे, हे लिहिलं नसेल तर शेवटच्या बिलात ८-१० टक्के क्षेत्रफळ "वाढलेलं" निघतं.

पेमेंटचं: माल फॅक्टरीत असताना पैसे मागतीलच. द्या, पण इन्डेम्निटी बाँड, विमा आणि तुमच्या माणसाने पॅनेल नंबरनिशी मोजल्यावर. १०.६ कोटीच्या निविदेत ३० टक्के मोबिलायझेशन (आगाऊ रक्कम) मागितलं असेल तर ती किंमत १०.६ राहत नाही, त्यावर व्याज धरा.

वारा_आणि_ओझं

तक्ता बरोबर आहे, पण तो भरण्याआधी चौघांचे आकडे डिझाइनच्या दृष्टीने खरे आहेत का ते बघायला अर्धा दिवस पुरतो. सल्लागार नेमेपर्यंत तुम्ही स्वतःही हे करू शकता.

आयएस ८७५ भाग ३, २०१५ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद. मुंबईचा ४४. मुंबईच्या कामाची गणितं जशीच्या तशी चिकटवलेली असतील तर तिथेच कळतं. टेरेन कॅटेगरी ३ (जवळजवळ इमारती असलेला परिसर), उंची ५० मीटर, के-२ हा उंची-परिसराचा गुणांक १.१२, बाकी गुणांक १ धरा. ३९ गुणिले १.१२ म्हणजे ४३.७. दाब ०.६ गुणिले ४३.७ चा वर्ग, साधारण १.१५ किलोपास्कल. सपाट भागात बाहेरचा-आतला दाब मिळून हाच आकडा येतो. पण कोपऱ्यावर बाहेरची ओढ उणे १.२ आणि आतला दाब ०.२, एकूण १.४. तिथे १.६ किलोपास्कल. भोवतालचा परिसर नीट पाहिलेल्या सल्लागाराचा आकडा थोडा इकडे-तिकडे येईल. मात्र ज्याच्या कागदावर अख्ख्या इमारतीला एकच दाब आहे त्याने कोपरा बघितलेला नाही.

आता मलियन. १.५ मीटर रुंदी, ३.९ मीटर गाळा, ॲल्युमिनियमचा ई (लवचिकतेचा गुणांक) ७०,००० मेगापास्कल. ३.९ मीटरला एल भागिले १७५ म्हणजे २२.३ मिमी वाकणं चालतं. साध्या सूत्राने १.१५ किलोपास्कलला ३३३ सेंमी⁴ आणि कोपऱ्यात १.६ ला ४६३ सेंमी⁴ एवढा इनर्शिया (प्रोफाइलच्या आकाराचा वाकण्याला विरोध) लागतो. युनिटाइज्डमध्ये नर आणि मादी अशा दोन अर्ध्या प्रोफाइलांची बेरीज धरायची. अ ने सगळीकडे ३४० चा मलियन दिला असेल तर कोपऱ्यात तो ३० मिमीच्या वर वाकेल. मोडणार नाही. पण गॅस्केट सुटतील, वारा शीळ घालेल, आणि पाणी आत येईल. उपाय महाग नाही: कोपऱ्यातल्या थोड्या मलियनांत आतून स्टील घालायचं किंवा जाड प्रोफाइल. फक्त ते दरात आहे का ते आत्ता विचारायचं.

काच फ्रेमला चिकटवणाऱ्या सिलिकॉनची रुंदी: वाऱ्यासाठी डिझाइन ताण ०.१४ मेगापास्कल. अर्धी लहान बाजू गुणिले दाब भागिले ताण. ७५० गुणिले ०.००१६ भागिले ०.१४, म्हणजे ८.६ मिमी. ड्रॉइंगवर ६ मिमी दिसलं तर ते वाऱ्याचं गणित न करता किमान मापावर सोडलेलं आहे. डबल ग्लेझ्ड काचेच्या आतला दुय्यम सील पण स्ट्रक्चरल सिलिकॉनचाच हवा. पॉलिसल्फाइड असेल तर बाहेरची काच फक्त त्या सीलवर लटकते आणि सूर्यप्रकाशात तो सील टिकत नाही. स्वस्त निविदेत ही जागा हमखास तपासा.

ब्रॅकेट, म्हणजे पॅनेलला स्लॅबवर धरणारा आधार. १.६ गुणिले ५.८५ चौरस मीटर (एक पॅनेल), म्हणजे एका ब्रॅकेटवर वाऱ्याचं ९.४ किलोन्यूटन, त्यावर १.५ चा गुणांक लावून सुमारे १४. पॅनेलचं वजन: ६+१२+६ ची (काच, पोकळी, काच, मिमीत) काच चौरस मीटरला ३० किलो, पूर्ण पॅनेल काचेचं धरलं तर १७५ किलो, फ्रेमसकट अडीचशेच्या आसपास.

इथेच तुमची घाई आहे. स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहेत. कडेला केबलचे अँकरेज असतात, तिथे नंतर ड्रिल मारून अँकर बसवणं म्हणजे जुगार. एका मजल्याला ७२ च्या आसपास ब्रॅकेट, ११ मजल्यांना सुमारे ७९०. चौथ्या मजल्यापासून स्लॅबमध्येच चॅनेल टाकायचे असतील तर फसाडवाला ठरेपर्यंत थांबता येणार नाही. सल्लागाराने वरचे भार घेऊन १.५ मीटरच्या ग्रिडवर चॅनेलचं मानक माप ठरवावं, पीटी कंत्राटदाराच्या केबल ड्रॉइंगशी जुळवावं, आणि मालकाने ते स्वतः विकत घेऊन टाकून घ्यावेत. मग चारपैकी कोणीही आला तरी त्याला त्याच चॅनेलवर बसावं लागेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या कडेला आता स्कॅन करून, केबल टाळूनच अँकर.

ब्रॅकेटला तिन्ही दिशांना किमान २५ मिमी हलवण्याची सोय आहे का बघा. काँक्रीटची कड सरळ येईल या भरवशावर कोणी डिझाइन केलं असेल तर त्याला साइट दाखवा, एवढंच.

साइट_खराडी

खूप उपयोगी. तीन गोष्टी तपासून आलो.

उघडणारी तावदानं ड्रॉइंगवर मजल्यामागे ४, म्हणजे एकूण ४४. मजल्यामागे ७ कमी.

अ आणि क दोघांनी फायर-स्टॉप वगळला आहे. अ ने हीट-सोकही वगळलं आहे.

अ म्हणतो परफॉर्मन्स मॉक-अपची गरज नाही, त्याच्याकडे याच सिस्टीमचा आधीचा चाचणी अहवाल आहे. ड ने मॉक-अपचे पैसे आणि बारा आठवडे दोन्ही धरले आहेत. चालेल का जुना अहवाल?

आणि मुख्य कंत्राटदाराच्या "माझा माणूस" बद्दल कोणी काही बोललं नाही.

काचकाम

जुना अहवाल चालतो, पण तो "याच सिस्टीमचा" असायला पाहिजे आणि ते सिद्ध करायचं काम त्याचं. अहवाल हातात आला की हे जुळवा: पॅनेलची रुंदी आणि उंची तुमच्याएवढी किंवा मोठी, दाब तुमच्या कोपऱ्याच्या १.६ एवढा किंवा जास्त. प्रोफाइलचे डाय (साच्याचे) नंबर तेच. गॅस्केटचा पुरवठादार आणि कडकपणा तोच. नमुन्यात कोपरा आणि चार पॅनेल एकत्र येतात तो सांधा दोन्ही होते. प्रत्येक ड्रॉइंगवर प्रयोगशाळेचा शिक्का. यातलं एक जुळलं नाही तरी तो दुसऱ्या इमारतीचा अहवाल.

सर्वांत महत्त्वाचं पान म्हणजे अपयशांची नोंद. पहिल्या फेरीत पाणी आलं का? आलं तर काय केलं? बऱ्याचदा तंत्रज्ञ चार पॅनेलच्या सांध्यात बोटाने सिलिकॉन भरतो आणि दुसऱ्या फेरीत नमुना पास होतो. ते बोटभर सिलिकॉन मग शॉप ड्रॉइंगमध्ये कुठेच येत नाही, आणि साइटवर ७८६ पॅनेल (४,६०० भागिले ५.८५) त्याच्याशिवाय लागतात.

चाचण्यांचा क्रम तुमच्या परिशिष्टात असा लिहा: हवा एएसटीएम ई-२८३, स्थिर पाणी ई-३३१, गतिमान पाणी एएएमए ५०१.१, वारा ई-३३०, मग पाणी पुन्हा एकदा, मग भूकंपासाठी आडवं हलवणं ५०१.४, पुन्हा पाणी, आणि शेवटी दीडपट वारा. पाण्याचा दाब डिझाइन दाबाच्या २० टक्के किंवा ३०० पास्कल, जे जास्त ते. हलवल्यानंतरचं पाणी वगळलं तर मूळ प्रश्नच विचारला जात नाही.

वारा_आणि_ओझं

माझं मत थोडं वेगळं. ४,६०० चौरस मीटरला नवा मॉक-अप करावाच असं मी म्हणणार नाही. अहवाल वरच्या कसोटीला उतरत असेल तर नवा मॉक-अप सोडा, पण वाचलेल्या पैशांतून साइटवरच्या पहिल्या दोन मजल्यांवर एएएमए ५०१.२ ची नळीची चाचणी सक्तीची करा. ठरावीक नोझल, ३० ते ३५ पीएसआय, सांध्यापासून फूटभर अंतर, दर पाच फुटांना पाच मिनिटं. नंतर प्रत्येक मजल्यावर किमान पाच टक्के सांधे. पहिल्या दोन मजल्यांची चाचणी पास झाल्याशिवाय त्यावरच्या मजल्याचे पॅनेल चढवायचे नाहीत, ही अट बिलाशी जोडा. प्रयोगशाळेत कंपनीचे सर्वांत चांगले फिटर जातात. तुमच्या साइटवर कोण येईल ते नळी सांगते.

पण अ च्या अहवालात पॅनेलची उंची ३.६ असेल आणि तुमची ३.९, तर नवा मॉक-अप. वाकणं उंचीच्या चौथ्या घातात वाढतं. ३.६ वरून ३.९ म्हणजे जवळपास ३८ टक्के जास्त. "थोडाच फरक आहे" ही मखलाशी चालत नाही.

काचकाम

मान्य, पण एका अटीवर. मजल्याच्या आतून नळीची चाचणी बघणारा माणूस सल्लागाराचा असावा, मुख्य कंत्राटदाराचा नव्हे.

रनिंगमीटर

मुख्य कंत्राटदाराचा मुद्दा. फसाड त्याच्या पोटात घातलंत तर तो आजच्या चारही किमतींखालचा आकडा काढेल, कारण फसाडवाल्याला तो पुढच्या दोन कामांचं आमिष दाखवून पिळेल. पिळलेला फसाडवाला गॅस्केट आणि फिटर यांवर वाचवतो. तुमच्या हातात करार नसल्यामुळे तुम्ही त्याला थेट काही बोलू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला, अगदी स्वतंत्र थेट करार केलात तर होइस्ट, क्रेनचा वेळ, स्लॅबच्या कडेची लाइन, साठवणीची जागा या प्रत्येक गोष्टीवर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

मधला रस्ता नॉमिनेटेड: निवड आणि दर मालकाचे, करार मुख्य कंत्राटदारामार्फत. त्याला समन्वयाचे टक्के द्या, पण त्या टक्क्यांत काय काय येतं ते यादीनिशी लिहा: होइस्टचे रोजचे तास, प्रत्येक मजल्यावर वीज किती केव्हीए, लाइन-लेव्हलच्या खुणा कोण देणार, पॅनेल उतरवायची जागा किती चौरस मीटर. सोबत फसाडवाल्याकडून मालकाच्या नावे थेट हमीपत्र घ्या, डिझाइनची जबाबदारी आणि वॉरंटी दोन्हींसाठी. मुख्य कंत्राटदार उद्या निघून गेला तरी ते उरतं. होइस्टसाठी उघडी ठेवलेली बाजू शेवटी कोण, किती दिवसांत बंद करणार हेही त्याच कागदावर. पावसाळ्यात ती फट उघडी राहिली तर आतलं फॉल्स सीलिंग जातं आणि त्याचं बिल कोणी घेत नाही.

तक्त्याची सुरुवात करून देतो. उघडणारी तावदानं ४४ वरून १२१ झाली, म्हणजे ७७ वाढली. ही वाढ चौघांनाही लागू, म्हणून सर्वांना परिशिष्टातच कळवा. फायर-स्टॉप १,१७७ रनिंग मीटर अ आणि क च्या रकान्यात, हीट-सोक फक्त अ च्या रकान्यात, मॉक-अप अ च्या रकान्यात तात्पुरता. एवढ्याने अ आणि ब मधलं १ कोटी ३० लाखांचं अंतर किती उरतं ते बघा.

फॅक्टरी_फेरी

उशिरा आलो, पण फॅक्टरी भेट कशी करायची हे कोणी लिहिलं नाही. चहा-बिस्किटं खाऊन फोटो काढणे म्हणजे भेट नव्हे.

कळवून जा, पण एकच दिवस आधी. वर दिलेल्या हिशोबाने ७८६ पॅनेल. दिवसाला १६ म्हटलं तर सुमारे ४९ कामाचे दिवस. तो सांगतो तेवढे पॅनेल त्या दिवशी जमिनीवर खरंच बनताहेत का ते मोजा, आणि त्यातले किती दुसऱ्यांच्या कामाचे. सध्या हातात असलेल्या ऑर्डरची यादी मागा. सगळी क्षमता तुमची नसते. सिलिकॉन भरल्यावर पॅनेल उत्पादकाने सांगितलेला काळ न हलवता ठेवावे लागतात. पाच दिवस धरले तर ८० पॅनेल एका वेळी पडून राहणार, त्याला बंदिस्त, धूळ नसलेली जागा आहे का? शेड उघडी आणि शेजारी कटिंगचं मशीन चालू असेल तर काचेच्या कडेवर ॲल्युमिनियमचा भुगा बसतो आणि सिलिकॉन चिकटत नाही.

सिलिकॉन पंपाजवळ वही असते ती उघडा. दोन भागांच्या सिलिकॉनची रोज सकाळी आणि प्रत्येक ड्रम बदलल्यावर बटरफ्लाय चाचणी आणि स्नॅप-टाइम (मिश्रण घट्ट व्हायला लागणारा वेळ) नोंदलेला असायला हवा. बटरफ्लाय म्हणजे कागदाच्या घडीत सिलिकॉन दाबून उघडायचं. करडे-पांढरे पट्टे दिसले तर मिश्रण नीट झालेलं नाही. वहीत सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात असतील तर समजून घ्या. डीग्लेझिंगची नोंद मागा: किती पॅनेलमागे एक काच काढून चिकटपणा बघतात? आणि तुमच्या प्रकल्पाच्या नावाने सिलिकॉन कंपनीकडून ड्रॉइंग तपासणी आणि चिकटपणा-सुसंगती अहवाल येणार की नाही? कॅटलॉगमधली सर्वसाधारण वॉरंटी म्हणजे काहीच नाही.

काचेसाठी: कोटिंग काच कारखान्याचं असतं, टेंपरिंग आणि डबल ग्लेझिंग बहुतेक वेळा वेगळ्या प्रोसेसरचं. फसाडवाल्याने त्या प्रोसेसरचं नाव निविदेतच द्यावं, नंतर बदल तुमच्या लेखी परवानगीने. हीट-सोक कोण करणार, भट्टी त्याच्याकडेच आहे का, आणि प्रत्येक बॅचचा तापमानाचा आलेख मिळणार का. निकेल सल्फाइडमुळे टफन्ड काच महिन्यांनी, कधी वर्षांनी आपोआप फुटते, त्यासाठीच हा खर्च. बाराव्या मजल्यावरून खाली फुटपाथ असेल तर हा खर्च वगळणाऱ्याला मी पुढच्या फेरीत घेतलंच नसतं, पण तो तुमचा निर्णय.

पावडर कोटिंगची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या, भाड्याने मिळतं. फॅक्टरीत पडलेल्या दहा प्रोफाइलांवर आतल्या खाचांच्या कडेला मोजा. सपाट पृष्ठभागावर ७० मायक्रॉन सगळ्यांचेच असतात.

आणि शेवटचा प्रश्न तिथल्या डिझाइन विभागात विचारा, मालकाला नव्हे: या प्रकल्पाची शॉप ड्रॉइंग कोण काढणार, तो नोकरीत आहे की बाहेरचा, आणि त्याच्याकडे आत्ता किती प्रकल्प आहेत?

साइट_खराडी

आभार सगळ्यांचे. उद्या मालकांसमोर तक्ता ठेवतो. चॅनेलचं आधी. चौथ्या स्लॅबचं काँक्रीट १९ दिवसांवर आहे, म्हणून आजच पीटीवाल्याकडून केबल ड्रॉइंग मागवली.

वारा_आणि_ओझं

१९ दिवस पुरतील, पण चॅनेलची ऑर्डर सल्लागाराच्या पहिल्याच आठवड्यात जायला हवी. नाही जमलं तर चौथा स्लॅब दुसऱ्या-तिसऱ्यासारखा धरा आणि पाचव्यापासून चॅनेल टाका. कडेवर अँकरेज कुठे आहेत ते मात्र शटरिंग उघडण्याआधी खुणा करून फोटो काढून ठेवा, नंतर स्कॅनरचा खर्च वाचेल.